नेमबाजीच्या सरावासाठी व्हिडिओ कॅमेरा : निवड, वापर आणि नोंद

इतिहासाच्या शिक्षकाने कॅमेऱ्याविषयी लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आपल्या शाळेच्या जुन्या भोजनगृहात दहा मीटर एअर रायफलचा सराव सुरू झाला, तेव्हापासून त्या सरावाचे चित्रीकरण करण्याचे आणि त्यासाठी योग्य कॅमेरा निवडण्याचे काम आमच्याकडे आले. त्या कामात आम्ही एक मोठी चूक केली, ती सुधारताना काही शिकलो, आणि जे शिकलो ते विद्यार्थ्यांच्या, पालकांच्या व इतर शाळांतील सहकाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून या स्मरणिकेत मांडीत आहोत.

प्रथम चूक सांगतो. आमच्याकडे आलेला पहिला कॅमेरा शाळेच्या एका हितचिंतकाने मोठ्या प्रेमाने दिलेला होता. तो उत्तम होता, महागही होता. त्यावर वीसएक बटणे आणि तीन चकत्या होत्या. माहितीपुस्तिका इंग्रजीत व जाड होती. कोणाच्या हातून बिघडू नये म्हणून आम्ही तो कार्यालयातील कपाटात ठेवला आणि किल्ली आमच्याजवळ ठेवली. दोन वर्षांत तो तीनदा बाहेर निघाला : एकदा प्रजासत्ताक दिनी, एकदा १४ एप्रिलला आणि एकदा स्नेहसंमेलनात. रोज सकाळी रायफल उचलणाऱ्या एकाही मुलाने त्याला हात लावला नाही. वस्तू समोर आहे, आपल्यासाठीच दिलेली आहे, पण तिला हात लावायचा नाही, ही स्थिती काय असते हे महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह दरवर्षी वर्गात शिकविणाऱ्या आम्हांला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. तरीही ती स्थिती आम्हीच आमच्या मुलांवर लादली होती. हे ध्यानात आले त्या दिवशी आम्ही किल्ली मुलांच्या हाती दिली आणि नव्या कॅमेऱ्याचा शोध सुरू केला.

या लेखातील मुख्य विधान त्या अनुभवातून आले आहे. नेमबाजीच्या सरावासाठी सर्वांत चांगला कॅमेरा तो, जो सराव करणारे मूल कोणाला न विचारता स्वतः चालवू शकते. बाकीचे सर्व गुण त्यानंतरचे.

नेमबाजी आणि आपण

‘बौद्धांच्या शाळेत बंदूक कशाला?’ असा प्रश्न आम्हांला पालक सभेत विचारला गेला आहे. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देतो. आपली मुले कागदाच्या लक्ष्यावर नेम धरतात. या खेळात बळापेक्षा श्वास, तोल आणि एकाग्रता यांची परीक्षा होते. अंगुत्तर निकायात ध्यानाभ्यासाविषयी बोलताना गवताच्या पुतळ्यावर किंवा मातीच्या ढिगावर आधी सराव करणाऱ्या धनुर्धराचा दृष्टान्त आलेला आहे. चित्त एका ठिकाणी आणण्याचा अभ्यास आणि नेम धरण्याचा अभ्यास यांत साम्य आहे, हे फार पूर्वीच ओळखले गेले होते.

दुसरे उत्तर इतिहासाचे आहे. ब्रिटिशांच्या मुंबई सैन्यात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे तेथील स्तंभावर कोरलेली आहेत. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही जातींना ‘लढवय्या’ ठरविण्याचे धोरण आले आणि महारांची भरती बंद झाली. स्वतः निवृत्त सैनिक असलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, १११ महार ही पलटण उभी राहिली, आणि युद्धाची गरज संपताच १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. पुढे बाबासाहेबांच्या पाठपुराव्याला यश येऊन १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली, आणि १९४६ मध्ये तिला मशीनगन रेजिमेंटचे रूप देण्यात आले.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, महार शिपायावर अपात्रतेचा शिक्का मारताना कोणी त्याचा नेम तपासला नव्हता. शिक्का समजुतीने मारला गेला. एखाद्याला काय जमते व काय जमत नाही हे पाहून ठरवावे की ऐकून, हा प्रश्न सैन्यभरतीत होता, तसाच तो शाळेच्या नेमबाजीच्या दालनातही असतो. आमच्या एका विद्यार्थिनीच्या बाबतीत तो कसा उभा राहिला ते पुढे येईल.

आज महाराष्ट्र हा नेमबाजांचा प्रदेश आहे. मुंबईच्या अंजली भागवत यांनी २००२ मध्ये म्युनिक येथे ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ हा किताब मिळविला. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये त्याच शहरात पन्नास मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरो येथे दहा मीटर एअर रायफलमध्ये विश्वविजेता ठरला. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. लहान गावातील मूल या खेळात कोठवर जाऊ शकते, याचे उदाहरण देण्यासाठी आता आम्हांला परदेशाकडे पाहावे लागत नाही.

डोळ्यांना न दिसणारे

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यातील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. छर्ऱ्याचा व्यास साडेचार मिलिमीटर. पात्रता फेरीत साठ शॉट मारायचे आणि त्यासाठी एक तास पंधरा मिनिटे मिळतात. छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने जातो, म्हणजे दहा मीटरचे अंतर तो सेकंदाच्या सहा शतांश भागात कापतो. चाप ओढण्याच्या क्षणी खांदा किंचित सुटला, गाल उचलला गेला किंवा बोटाने चाप हिसकला, की दहाचा शॉट आठवर जातो. शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकाला यातले फार थोडे दिसते, आणि नेमबाजाला स्वतःचे शरीर तर मुळीच दिसत नाही. त्याचा डोळा साइटवर खिळलेला असतो.

जे क्षणात घडते त्याविषयी माणसे पाहण्याऐवजी मते बाळगतात. धावत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीपासून सुटतात की नाही, याबद्दल युरोप-अमेरिकेत असाच मतभेद होता. १८७८ मध्ये एडवर्ड माइब्रिज यांनी कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे मांडून धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली आणि वाद मिटला : पाय सुटतात, पण पोटाखाली गोळा झालेले असताना, चित्रकार दाखवीत तसे पुढेमागे ताणलेले असताना नव्हे. पुढे १८८२ मध्ये फ्रान्समधील एत्येन-ज्यूल मारे यांनी उडत्या पक्ष्यांची हालचाल टिपण्यासाठी एक यंत्र केले. त्याला बंदुकीसारखा दस्ता, नळी आणि चाप होता. चाप ओढला की एका सेकंदात बारा चित्रे उमटत. चलत्‌चित्राचा एक पूर्वज असा बंदुकीच्या आकाराचा होता, ही गोष्ट आम्ही मुलांना सांगतो तेव्हा ती हसतात आणि विसरत नाहीत.

आता त्या विद्यार्थिनीची हकिकत. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. ती पाचवीपासून वसतिगृहात आहे. पहिल्या चाळीस शॉटांत तिचे गुण उत्तम असत आणि शेवटच्या वीसांत घसरत. बाहेरगावच्या एका स्पर्धेनंतर एका अनुभवी गृहस्थांनी आम्हांला बाजूला घेऊन सांगितले, ‘मुलगी बरी आहे, पण या मुलांच्यात शेवटपर्यंत टिकण्याचा दम नसतो.’ ‘या मुलांच्यात’ म्हणजे कोणांत, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. मुलीने मात्र ते ऐकले होते. पुढचे काही आठवडे ती स्वतःच ‘मला दम नाही, सर’ असे म्हणू लागली.

त्याच सुमारास नवा, साधा कॅमेरा आला होता. तिच्या मैत्रिणींनी तो बाजूला उभा करून तिचे साठही शॉट टिपले. संध्याकाळी दूरदर्शन संचाच्या पडद्यावर पहिले दहा आणि शेवटचे दहा शॉट आलटून पालटून पाहिले. तिसऱ्यांदा पाहताना तीच म्हणाली, ‘सर, माझी मान लांबतेय.’ खरेच होते. सुरुवातीला मान सरळ होती; शेवटी साइट गाठण्यासाठी डोके बोटभर पुढे जात होते आणि पाठ तेवढीच मागे कलत होती. रायफल शाळेची, सामाईक. तिचा दस्ता एका उंच मुलाच्या मापाने लांब करून ठेवलेला होता आणि तो कमी करण्याचे कोणाच्याही मनात आले नव्हते. चाळीस शॉटांपर्यंत तिचे शरीर ती लांबी सोसत होते, त्यापुढे थकत होते. दस्त्याची पट्टी मागेपुढे सरकविण्याचे काम दहा मिनिटांचे होते. तिचे गुण त्यानंतर हळूहळू सुधारले. परंतु आमच्या दृष्टीने मोठी गोष्ट ही की ‘मला दम नाही’ हे वाक्य ती पुन्हा बोलली नाही. आता प्रत्येक मूल सरावापूर्वी आपल्या मापाची खूण पाहून दस्ता बसविते.

कॅमेऱ्याचे प्रकार

बाजारात जाण्यापूर्वी आपल्याला काय पाहायचे आहे हे ठरवावे. उडत्या चकतीवर नेम धरणाऱ्या ट्रॅप व स्कीट या प्रकारांत नेमबाज आणि चकती दोन्ही वेगाने हलतात. तेथे रुंद दृश्य व अधिक वेगाचे चित्रण लागते. दहा मीटर रायफल व पिस्तूल यांत नेमबाज एका जागी स्थिर असतो. आपल्याला पाहायचे असते ते त्याचे शरीर : पवित्रा, मान, गाल, कोपर, बोट आणि शॉट सुटल्यानंतरचे एक-दोन सेकंद. छर्रा टिपण्याची आपल्याला गरज नाही, आणि साध्या कॅमेऱ्यात तो दिसणारही नाही.

मोबाइल फोन : बहुतेकांजवळ असतो, चालविण्यास सोपा. सुरुवात त्यानेच करावी. अडचणी तीन आहेत. चित्रण चालू असताना फोन येतो. दूरवरून जवळचे दृश्य घेताना अनेक फोनांत चित्र फुटते. आणि फोन शिक्षकाचा असला तर शिक्षक नसताना सराव चित्रणाविना होतो. पडद्यावर नेमबाजाच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरल्यास फोकस व उजेड स्थिर राहतात, एवढे तरी शिकून घ्यावे.

हँडीकॅम किंवा कॅमकॉर्डर : व्हिडिओसाठीच बनविलेला कॅमेरा. एका हातात मावतो, पडदा बाजूला उघडतो, चित्रणाचे मुख्य बटण एकच असते आणि झूमची कळ बोटाखाली येते. भिंगाच्या साहाय्याने होणारा खरा झूम, म्हणजे ऑप्टिकल झूम, यात भरपूर असतो. त्यामुळे चार-पाच मीटर मागे राहूनही चापावरील बोट पडदाभर पाहता येते. मोबाइलमुळे याचे नवे नमुने बाजारात कमी झाले आहेत. परंतु जुना, चांगल्या स्थितीतील मिळाला तरी आपले काम होते. आमच्या मते शाळेसाठी हाच प्रकार सर्वांत सोयीचा.

ॲक्शन कॅमेरा : आगपेटीपेक्षा थोडा मोठा, दणकट. परंतु त्याचे भिंग फार रुंद असते, त्यामुळे कडेच्या सरळ रेषा वाकलेल्या दिसतात. नेमबाजाची पाठ कलली आहे की भिंगाने कललेली दाखविली, हा संशय राहतो. दृश्य अरुंद करण्याची सोय असेल तर ती वापरावी. जवळचे दृश्य घेण्यास हा उपयोगी नाही.

डीएसएलआर व मिररलेस : चित्र सर्वांत सुंदर. परंतु बटणे व सेटिंग अनेक, भिंगांची किंमत वेगळी, आणि यांपैकी बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांत एकसलग चित्रण तीस मिनिटांच्या आत आपोआप थांबते. सव्वा तासाच्या फेरीत ते दोनदा थांबेल, आणि थांबल्याचे कोणाच्या लक्षातही येणार नाही. कपाटातील आमचा कॅमेरा याच जातीचा होता.

निवडीच्या कसोट्या

१. पाच मिनिटांची कसोटी. दुकानात जाताना सराव करणारे एक मूल बरोबर न्यावे आणि कॅमेरा त्याच्या हाती द्यावा. माहितीपुस्तिका देऊ नये. सुरू करणे, ट्रायपॉडवर बसविणे, झूम करणे, चित्रण सुरू करून थांबविणे आणि घेतलेले चित्रण पुन्हा दाखविणे ही कामे त्याने पाच मिनिटांत केली तर कॅमेरा सोपा. औरंगपुऱ्यातील दुकानांत आम्ही आठवीतील एका मुलाला घेऊन हिंडलो, तेव्हा प्रारंभी दुकानदारांना विचित्र वाटले. नंतर तेच त्याला आणखी नमुने काढून दाखवू लागले.

२. चित्रांची गती. साधा व्हिडिओ सेकंदाला पंचवीस चित्रे घेतो, म्हणजे दोन चित्रांत चार शतांश सेकंदाचे अंतर. चापाचा हिसका एवढ्या अंतरात निसटू शकतो. सेकंदाला पन्नास चित्रे घेणारा कॅमेरा पुरेसा आहे. शंभर मिळाली तर मंद गतीने पाहण्यास उत्तम. त्याहून अधिकासाठी पैसे घालवू नयेत.

३. दिव्यांची लुकलुक. आपल्याकडील वीज पन्नास हर्ट्झची असल्याने साध्या ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात. कॅमेरा साठ हर्ट्झवर लावलेला असेल तर चित्रात काळे पट्टे सरकताना दिसतात. सेटिंगमध्ये पन्नास हर्ट्झ निवडावे आणि शटर पन्नासांश किंवा शंभरांश सेकंदावर ठेवावे. ही सोय आहे की नाही हे दुकानातच विचारावे.

४. उजेड. लक्ष्यावर प्रखर दिवे आणि नेमबाज अंधुक जागी, अशी आपल्या दालनाची स्थिती असते. स्वयंचलित कॅमेरा लक्ष्याचा उजेड पाहून चेहरा काळा करतो. उजेड एका पातळीवर बांधून ठेवण्याची सोय असावी. नसेल तर प्रखर लक्ष्य चौकटीत येऊच देऊ नये.

५. वीज आणि साठवण. सव्वा तासाची फेरी आणि त्यापूर्वीची पंधरा मिनिटांची तयारी मिळून दीड तास होतो. तेवढा वेळ बॅटरी टिकावी किंवा तारेने वीज देऊन चित्रण करता यावे. साध्या फुल एचडी चित्रणाला तासाला सुमारे आठ ते अकरा जीबी जागा लागते, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर साधारण तीन-चार तास मावतात. फोरके चित्रणाला याच्या कित्येक पट जागा लागते आणि शाळेच्या जुन्या संगणकावर ते अडखळत चालते. ते टाळावे.

६. ट्रायपॉड. अंदाजपत्रकात कॅमेऱ्याआधी ट्रायपॉड लिहावा. हातात धरलेल्या कॅमेऱ्याचा कंप नेमबाजाच्या कंपात मिसळतो आणि मग कोणाचा हात हलला हे सांगता येत नाही. खांद्याच्या उंचीपर्यंत जाणारा, जड पायांचा आणि पाणसळ बसविलेला ट्रायपॉड घ्यावा.

नागसेनवनात १९५० मध्ये सुरू झालेल्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी राजा मिलिंदाचे नाव दिले. त्या मिलिंदाला भन्ते नागसेनांनी विचारले होते की, रथ म्हणजे नेमके काय : चाक, आस की जू? यांपैकी कोणताही एक भाग म्हणजे रथ नव्हे. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. भिंग, कार्ड, ट्रायपॉड, दिवा आणि ते चालविणारे मूल एकत्र आले की नोंद तयार होते. यांतील एका भागावर सर्व पैसा खर्च करून दुसरा विसरणे हीच खरेदीतील नेहमीची चूक.

कॅमेरा कोठे ठेवावा

सुरक्षिततेचा नियम प्रथम. कॅमेरा आणि तो चालविणारा यांनी फायरिंग लाइनच्या पुढे कधीही जायचे नाही. समोरून छान दृश्य मिळेल हा मोह कायमचा सोडावा. कॅमेरा हलवायचा असल्यास आधी शिक्षकांची आज्ञा घ्यावी आणि रायफली रिकाम्या करून खाली ठेवल्यानंतरच हलवावा. फ्लॅश बंद असावा. स्पर्धेत तर तो नियमानेच निषिद्ध असतो. स्पर्धेच्या ठिकाणी चित्रण करण्यापूर्वी पंचांची परवानगी घ्यावी.

तीन जागा उपयोगी आहेत. पहिली बाजूची, किंचित मागे सरकून : तेथून पाठीचा कल व मान दिसते. यासाठी नेमबाजाला कडेची जागा द्यावी, म्हणजे शेजारी आड येत नाही. दुसरी थेट मागची : तेथून पाय, कंबर व खांद्यांची रेषा दिसते. तिसरी मागून तिरकस, झूम करून : तेथून गाल आणि बोट दिसते. एका फेरीत एकच जागा ठेवावी. फरशीवर रंगीत पट्टी चिकटवून ट्रायपॉडच्या पायांच्या खुणा कराव्यात, म्हणजे जूनमधील चित्रण आणि डिसेंबरमधील चित्रण एकाच अंतरावरून, एकाच उंचीवरून घेतलेले असेल. तसे नसेल तर तुलना करता येत नाही.

कॅमेऱ्याची मर्यादाही मुलांना सांगावी. नळी लक्ष्यावर कोठे फिरत होती हे तो दाखवीत नाही. त्यासाठी नळीला बसविण्याची वेगळी इलेक्ट्रॉनिक यंत्रे असतात. कॅमेरा शरीर दाखवितो. शॉटचा आवाज चित्रणात उमटतो, त्या आवाजाच्या आधीचे व नंतरचे दोन सेकंद पाहावेत. साठ शॉटांचे सव्वा तासाचे चित्रण पूर्ण पाहणे मुलांना कंटाळवाणे होते. पहिले पाच, मधले पाच आणि शेवटचे पाच पुरेत.

नोंद आणि जतन

ज्या चित्रणावर तारीख नाही ते इतिहासाच्या दृष्टीने पुरावा म्हणून दुबळे असते. म्हणून प्रत्येक चित्रणाच्या प्रारंभी मुलाने पाटीवर तारीख, आपले नाव आणि आज काय बदलले आहे ते लिहून पाटी कॅमेऱ्यासमोर धरावी. ‘दस्ता एक खाच कमी’, ‘डावा पाय थोडा पुढे’ एवढे पुरते. तीच नोंद वहीत करावी व तिच्यापुढे गुण लिहावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी; दोन बदलल्यास कोणत्या बदलाने फरक पडला हे कळत नाही.

जतनाविषयी आपल्या जिल्ह्यानेच एक धडा दिलेला आहे. मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल यांना १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामावर नेमण्यात आले. लेण्यांच्या अंधारात त्यांनी वर्षानुवर्षे त्या रंगविल्या. त्यांतील बहुतेक लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या, आणि १८६६ च्या आगीत तेथील सर्व जळाल्या. एवढ्या कष्टांची नोंद एकाच छपराखाली ठेवली होती. आपल्या मुलांचे चित्रण केवळ कॅमेऱ्याच्या कार्डावर ठेवू नये. दर शनिवारी ते संगणकावर उतरवावे आणि महिन्यातून एकदा वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क दुसऱ्या इमारतीत ठेवावी. हे कामही मुलांच्या पाळीने चालावे.

शेवटी शीलाची बाब. चित्रण ज्याचे, त्याचा त्यावर पहिला हक्क. आपल्या शाळेत मुलेमुली राहतात. त्यांचे चित्रण पालकांच्या लेखी संमतीनेच व्हावे, ते सरावाखेरीज अन्य कामासाठी वापरू नये आणि कोणाच्याही खासगी फोनवर जाऊ देऊ नये. चुकलेला शॉट सर्वांसमोर दाखवायचा असल्यास आधी त्या मुलाला विचारावे. ज्या यंत्राने एका मुलीला शिक्क्यातून सोडविले, त्याच यंत्राने दुसऱ्या मुलाचे हसे होऊ शकते.

आज आमच्या दालनातील कॅमेऱ्याच्या बटणांवर मुलांनीच रंगीत ठिपके लावले आहेत : हिरवा सुरू, लाल थांबा, पिवळा पुन्हा पाहा. आठवीची मुले सहावीच्या मुलांना तो शिकवितात. गेल्या पावसाळ्यात त्याची एक कळ मोडली. ज्याच्या हातून मोडली तो मुलगा भीतभीत कार्यालयात आला. आम्ही ती दुरुस्त करून आणली आणि दुसऱ्या दिवशी कॅमेरा पुन्हा त्याच्याच हाती दिला. वापरात मोडलेली कळ बदलता येते. तो पहिला कॅमेरा दोन वर्षे कपाटात सुरक्षित होता. ती दोन वर्षे आमच्या मुलांना परत देता येणार नाहीत.

जय भीम.

स्वाध्याय

१. कॅमेरा सेकंदाला पन्नास चित्रे घेतो. छर्रा लक्ष्यापर्यंत पोचण्यास ०.०६ सेकंद लागतात. तेवढ्या अवधीत किती चित्रे निघतील? सेकंदाला पंचवीस चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यात किती?

२. एका तासाच्या चित्रणाला आठ जीबी जागा लागते. आठवड्यातून सहा दिवस, रोज दीड तास सराव झाला तर महिनाभराच्या (चार आठवड्यांच्या) चित्रणाला किती जागा लागेल? त्यातील काय ठेवाल, काय पुसाल आणि का?

३. आपल्या शाळेत, घरी किंवा गावात एखादी सामाईक वस्तू ‘बिघडेल’ म्हणून कुलपात ठेवलेली आहे काय? ती सर्वांना वापरता यावी यासाठी तीन नियम तयार करा.

४. स्वतःविषयी इतरांनी व्यक्त केलेले एखादे मत निवडा. ते खरे की खोटे हे पाहून ठरविण्यासाठी तुम्ही काय टिपाल, किती दिवस टिपाल आणि त्याची नोंद कशी ठेवाल, ते लिहा.